वडलांना हॅव

इंग्रजी शिकवण्यासाठी मी एक युक्ती काढली होती. पुस्तकातली नाही, माझ्या डोक्यातली, आणि तिचा मला भलताच गर्व होता. आता मी ती शिकवत नाही. का शिकवत नाही असं कुणी विचारलं तर विषय बदलते. इथे सांगते, कारण कुठेतरी सांगायला हवं आणि वर्गात सांगायची माझी अजून हिंमत होत नाही.

भानगड अशी आहे की मराठीत हॅवला सरळ शब्दच नाही. मला भाऊ आहे, माझ्याकडे छत्री आहे, मला ताप आहे, उद्या माझी परीक्षा आहे. भाऊ, छत्री, ताप, परीक्षा, सगळ्यांचं भागतं एका 'आहे'वर, आणि माणूस कधी 'मला' होतो, कधी 'माझ्याकडे', कधी 'माझी'. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे माणूस पुढे उभा राहतो आणि म्हणतो, आय हॅव. भाऊ हॅव, छत्री हॅव, तापसुद्धा हॅव. इथवर लोक येतात. मग हॅज निघतं आणि निम्मा वर्ग गळतो. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला 'तृतीय पुरुषी एकवचन' म्हटलं की त्याचं तोंड कसं होतं ते मी रोज बघते.

म्हणून माझी युक्ती. ज्याच्याबद्दल बोलताय त्याच्यापुढे मनातल्या मनात 'आहे' लावून बघा. मुलगा आहे, म्हणून हॅज. आई आहे, म्हणून हॅज. शेजारी आहेत, म्हणून हॅव. पोरं आहेत, हॅव. 'आहे'ला हॅज, 'आहेत'ला हॅव. मी आणि तुम्ही हे दोघं लाडके, त्यांना कायम हॅव. आणि पुढचं बोलायचं असेल, विल आलं असेल, तर भांडणच मिटलं. राजा असो नाहीतर रिक्षावाला, सगळ्यांना विल हॅव. लोक हसायचे, पटापट लिहून घ्यायचे. त्यात एक भोक आहे हे मला दिसलं नव्हतं. खरं सांगायचं तर कुणीतरी दाखवलं, तेव्हाही मी बघितलं नाही.

माझा वर्ग उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आहे. खाली चेन आणि बटणांचं दुकान, वर एक खोली. दुकानवाले सिंधी काका आमचे मालक. मी याच कॅम्पात वाढले, मराठी शाळेत शिकले, आता बदलापूरला राहते आणि स्कूटरवरून येते. वर्ग दुपारी चार ते सहा, कारण अंबरनाथच्या कंपन्यांची पहिली पाळी साडेतीनला सुटते आणि माझे निम्मे विद्यार्थी तिथलेच असतात.

ती त्यातलीच. वांगणीची, भातशेती करणाऱ्या घरातली, पन्नाशीला आलेली. कंपनीचा निळा एप्रन नीट घडी करून पिशवीत ठेवायची आणि मगच वर्गात पाय टाकायची. वर्गातल्या पोरी तिला मावशी म्हणायच्या, मी ताई म्हणायचे. पहिल्या दिवशी मी माझ्या नेहमीच्या खाक्यात विचारलं, शिक्षण किती.

"सातवी. पण एबीसीडी येते मॅडम. खोक्यावरचं वाचते मी."

"आणि इंग्रजी कशाला हवंय?"

"सुपरवायझरला खुर्ची असते," ती म्हणाली.

मला वाटलं मस्करी करतेय. मस्करी नव्हती. औषधाच्या बाटल्यांची झाकणं पॅक करणाऱ्या पट्ट्यावर ती चौदा वर्षं उभी होती. उभी म्हणजे आठ तास उभीच, पट्टा थांबला तर बसायचं. गुडघे गेले होते. डॉक्टरने सांगितलं होतं की उभं राहायचं काम सोडा. सोडा म्हणायला त्याचं काय जातंय. नवरा वारलेला, घरात म्हातारे वडील, कामाला जाणारी मुलगी आणि मुलीची मुलगी. तिच्या खात्याची सुपरवायझर जूनमध्ये निवृत्त होणार होती आणि त्या जागी पट्ट्यावरच्या बायकांपैकी एकीला घ्यायचं ठरलं होतं. अट एकच. बाहेरदेशाचे पाहुणे तपासणीला येतात, त्यांच्याशी चार वाक्यं इंग्रजीत बोलता आली पाहिजेत. त्यासाठी पाच मिनिटांची मुलाखत होती, स्वतःबद्दल, घराबद्दल आणि कामाबद्दल बोलायचं.

काम तर तिला डोळे मिटून येत होतं. अडत होतं ते एवढ्याच पाच मिनिटांवर.

मी फार माणसं शिकवली, पण इतकी जिद्दीची थोडी. वहीत सगळं देवनागरीत लिहायची, पेन्सिलीने, म्हणजे चुकलं तर खोडता यावं. ज्या दिवशी मी विल हॅव शिकवलं, त्या दिवशी प्रत्येकाला एक वाक्य बनवायला सांगितलं. बाकीच्यांनी बंगला, गाडी, सरकारी नोकरी मागून घेतली. ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाय जून, आय विल हॅव अ चेअर." जूनपर्यंत मला खुर्ची असेल. एकही चूक नाही. मी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. ती इतकी लाजली की बसताना वही खाली पडली.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी 'माझं कुटुंब' यावर दहा वाक्यं बोलायला लावली. प्रत्येकाचा आवाज फोनवर घ्यायचा आणि त्याला तो ऐकवायचा, ही माझी पद्धत. आपलं आपल्याला ऐकू आलं की चूक कळते, असं मी सांगायचे. तिची पाळी आली. वही मिटून, हात पाठीमागे धरून, शाळेतल्या मुलीसारखी उभी राहून ती बोलायला लागली. माय डॉटर हॅज जॉब. माय ग्रँडडॉटर हॅज टू पेन्सिल्स. माय फादर हॅव बिग मुस्टॅश.

"थांबा," मी म्हटलं. "फादर हॅव?"

"हां मॅडम."

"फादर एक की जास्त?"

"एकच की."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग हॅव कसं? किती बाप आहेत तुम्हाला?"

वर्ग खदखदून हसला. पंचवीस माणसं. मीही हसले. माझी जीभ अशीच आहे, आधी चालते. आमच्या भागात हे वाक्य कुणाला म्हणतात आणि कशासाठी म्हणतात हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कॅम्प चारच्या गल्लीत वाढलेय मी. त्या वाक्यावरून मारामाऱ्या होताना बघितल्यात.

ती हसली नाही. चिडलीही नाही. हसणं थांबेपर्यंत तशीच उभी राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगितलं ना. आई आहे, पण वडील आहेत. 'आहे' नाय म्हणत आपण वडलांना. 'आहेत'ला हॅव, असं लिवलंय मी वहीत. आणि वडलांना हॅज कसं लावायचं? अरे-तुरे केल्यावानी वाटतं ते."

हेच ते भोक. मराठीत मान द्यायचा म्हणजे एकाचे अनेक करायचे. वडील आले, साहेब बसले, मॅडम बोलल्या. माझ्या युक्तीत वडील आपोआप अनेकवचनात जाऊन बसत होते आणि इतकी वर्षं मला ते सुचलं नव्हतं. कुठल्याही शहाण्या बाईने तिथल्या तिथे म्हटलं असतं, ताई, चूक माझी आहे, बसा. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "इंग्रजीत मानबिन नसतो, ताई. तिथे राजाला पण हॅज. चला पुढे."

ती पुढे बोलली. तिचं शेवटचं वाक्य होतं, माय टीचर हॅव पेशन्स. 'पेशन्स' हा शब्द तिने आदल्या दिवशी जिन्यात मला विचारून घेतला होता, धीराला काय म्हणतात म्हणून. मी घाईत होते. तेही वाक्य मी दुरुस्त केलं नाही, कारण स्वतःची स्तुती ऐकताना व्याकरण कोण तपासतंय.

त्या दिवसांत मी फोनवर छोटे व्हिडिओ टाकायचे. 'आजची चूक' असं त्याचं नाव. पिवळ्या पाटीवर एक चुकीचं वाक्य, मागे आवाज, मग खाली बरोबर वाक्य. वर्गाची जाहिरात व्हावी, एवढाच हेतू. घरी येऊन मी तिचं रेकॉर्डिंग ऐकलं. फार मजेशीर वाटलं. तिचं 'माय फादर हॅव', माझा प्रश्न, वर्गाचं हसणं, सगळं कसं जागच्या जागी पडलं होतं. चेहरा दिसत नाही, नाव नाही, मग कुणाचं काय जातंय? तिला विचारावं असं मनात आलं होतं. आलं होतं म्हणूनच जास्त टोचतं.

आणि मी तो आवाज हसण्यापाशी कापला. तिचं उत्तर ठेवलं नाही. लांबी वाढते, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खोटं. त्या उत्तरात माझी युक्ती उघडी पडत होती, म्हणून कापलं.

व्हिडिओ चालला. माझा आधी कुठलाच इतका चालला नव्हता. दोन दिवसांनी खालचे काका म्हणाले, "मॅडम, आपका वीडियो तो मेरे साले के फोन पे भी आया." रस्त्यात ओळखीच्या बायका हसून 'फादर हॅव' म्हणायला लागल्या. चौकशीला नवी माणसं यायला लागली. जागा पुरेना म्हणून मी गोल मैदानाजवळून सहा नव्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, लाल रंगाच्या. फार खुशीत होते मी त्या आठवड्यात.

ती सोमवारी आली नाही. मंगळवारीही नाही.

मराठीत 'असेल' हा फार सोयीचा शब्द आहे. इंग्रजीत त्याच्यासाठी विल हॅव वापरता येतं, 'ही विल हॅव गॉन', म्हणजे तो गेला असेल. मी वर्गात हे शिकवायचे आणि घरी स्वतःवर चालवायचे. पाळी बदलली असेल. वडील आजारी असतील. गुडघा धरला असेल. शेतावर काम निघालं असेल. तिने व्हिडिओ बघितलाच नसेल, आणि बघितला तरी हसली असेल, आणि हसली नसेल तरी एव्हाना विसरली असेल. फोन करायला एक मिनिट लागलं असतं. तीन आठवडे मी 'असेल'वर काढले.

काकांनी एकदा जिन्यात विचारलंसुद्धा, "वो वांगनीवाली आंटी नहीं आती आजकल?" रोज येताना ती त्यांना नमस्कार करायची. मी म्हटलं, "काम होगा उसको." काका माझ्याकडे जरा बघत राहिले आणि बटणं मोजायला लागले.

मग तिच्याच कंपनीतली एक पोरगी, जी माझ्या वर्गात होती, वर्ग सुटल्यावर मागे थांबली. वही चाळवत उभी राहिली. मी म्हटलं, बोल बाई, मला जायचंय. तर म्हणाली, "मॅडम, मावशीचं इंटरव्ह्यूत नाय झालं."

आणि तिने सांगितलं. व्हिडिओ पहिल्याच दिवशी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोचला होता. चेहरा नव्हता, पण चौदा वर्षं ज्या पट्ट्यावर उभी राहिली तिथे तिचा आवाज कोण ओळखणार नाही? बायका आधी गंमत म्हणून बोलल्या, मग पुरुष बोलायला लागले. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकावरून कुणीतरी ओरडायचं, मावशी, किती? ती मान खाली घालून झाकणं भरायची. तरीही मुलाखतीला गेली. धुतलेली साडी नेसून, वही घेऊन गेली. स्वतःबद्दल बोलली, कामाबद्दल बोलली, सगळं नीट. मग समोरच्या दोघांपैकी एकाने घराबद्दल विचारताना दुसऱ्याकडे बघितलं आणि हसून म्हटलं, हाऊ मेनी फादर्स डू यू हॅव?

ती उठली. थँक्यू सर म्हणाली. दार हळू लावून बाहेर आली आणि जाऊन पट्ट्यावर उभी राहिली.

"मीच तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता मॅडम," ती पोरगी म्हणाली आणि रडायला लागली. तिला काय बोलणार? तिने पुढे पाठवला होता, बनवला मी होता. मी तिला पाणी दिलं आणि घरी पाठवलं. मग त्या सहा लाल खुर्च्यांपैकी एकीत बसले आणि व्हिडिओ काढून टाकला. त्याने काय होतं? तो आता माझा राहिला नव्हता, ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये होता.

माझ्याकडे पूर्ण रेकॉर्डिंग होतं. ते मी तिथेच बसून शेवटपर्यंत ऐकलं. तेव्हा ते शेवटचं वाक्य पहिल्यांदा नीट कानावर पडलं. माय टीचर हॅव पेशन्स. 'टीचर आहे' नाही, 'मॅडम आहेत'. म्हणून हॅव. तिने मला तिच्या वडलांच्या रांगेत बसवलं होतं, आणि ते माझ्या फोनमध्ये इतके दिवस पडून होतं.

लाज वाटायचं आणखी एक कारण आहे, तेही सांगून टाकते. मी कॉलेजला पहिल्या वर्षाला असताना ओळख करून देताना म्हटलं होतं, आय ऍम हॅविंग वन ब्रदर. पुढच्या बाकावरच्या दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या. मोठ्याने नाही, नुसत्या नाकातून. पुढे वर्षभर मी त्या वर्गात तोंड उघडलं नाही. आपण कधी शिकवलं तर कुणाला असं हसायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. त्यासाठीच शिकवायला लागले म्हणा ना. आणि मी नाकातून हसून थांबले नाही, मी ते हसणं गावभर वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी वांगणीला गेले. माफी मागायला जाताना हातात काय न्यायचं हा एक प्रश्नच असतो. मिठाई न्यावी तर बारशाला आल्यासारखं वाटणार. शेवटी वडलांसाठी म्हणून केळी घेतली. स्कूटरवर वाटभर मनात वाक्यं जुळवत होते, मराठीतच, आणि एकही धड जुळत नव्हतं. भाताच्या शेतांमध्ये उभ्या राहिलेल्या नव्या इमारती मागे टाकल्या, मग डांबर संपलं, आणि एका मुलीने घर दाखवलं.

ती ओट्यावर बसून वाल सोलत होती. पाय समोर लांब केलेले, गुडघ्यांना फडकं बांधलेलं. बाजूला सात-आठ वर्षांची नात पालथी पडून अभ्यास करत होती. आणि पडवीत खाटेवर वडील बसले होते. मिशी खरंच मोठी होती. पांढरी, दोन्ही बाजूंनी खाली आलेली. मी त्या मिशीकडे बघितलं आणि मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

"या मॅडम," ती म्हणाली. उठायला लागली, मी म्हटलं उठू नका. तिने नातीला आत पाठवलं, नात खुर्ची घेऊन आली. घरात एकच असावी. निळी, एका पायाला तार गुंडाळलेली. मी म्हटलं, खाली बसते, तर म्हणाली, "नाय, तुम्ही खुर्चीवर बसा." मी बसले. तिच्याशी खाली बघत बोलावं लागणार, हे बसल्यावर कळलं.

"ती जागा कुणाला मिळाली?" मी विचारलं. दुसरं काही सुचेना.

"बाहेरून घेतली एक पोरगी. चांगली हाय. हॅव-हॅज सगळं येतं तिला." हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. साधं सांगितलं. वालाची साल एकीकडे, दाणा दुसरीकडे.

मग मी बोलले. चूक माझी, युक्ती माझी, तिच्यात भोक होतं, तुम्ही मला ते दाखवलं आणि मी तुम्हालाच हसले. तुमचं उत्तर मी कापलं. तुम्हाला न विचारता आवाज टाकला. मला माफ करा. एवढं सगळं मी एका दमात बोलले आणि माझा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

तिने आणखी दोन-चार दाणे सोलले. मग म्हणाली, "कापलेलं कळलं मला. पोरींनी लावला कॅन्टीनला, तवा मी ऐकत होते. म्हटलं, आता माझं बोलणं येईल, आता येईल. तर संपलाच तो."

तिने सालं एका बाजूला सारली.

"माझी आई जाऊन वीस वर्षं झाली मॅडम," ती म्हणाली. "भात लावता लावता जन्म गेला तिचा. तिला कधी कोण काय बोललं नव्हतं." मग खाटेकडे बघून म्हणाली, "ह्यांना ऐकू कमी येतं. बरंच झालं ते."

किती बाप आहेत तुम्हाला. मला वाटत होतं मी तिला हसले. मी तिच्या मेलेल्या आईला बोलले होते, पंचवीस माणसांसमोर, आणि नंतर सगळ्या गावासमोर. हे मला त्या तार गुंडाळलेल्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

मी म्हटलं, परत या ना वर्गाला. नाही तर मी इथे येते दर रविवारी, पुढच्या वेळी जागा निघेल तेव्हा... ती मान हलवत म्हणाली, "आता कसली जागा. ती पोरगी पंचवीस वर्षांची हाय. आणि शिकले की मी. आता नात शिकवते मला, मुलगी पण फोनवर इंग्लिशमधनंच बोलते माझ्याशी." नातीने वहीतून वर बघितलं आणि परत मान खाली घातली.

गोळीची वेळ झाली होती. ती ओट्याला हात टेकून, एक पाय आधी, मग दुसरा, अशी उठली. वडलांना गोळी दिली, पाण्याचा पेला धरला, मिशीवरचं पाणी पदराने पुसलं. परत येऊन बसली आणि नातीला म्हणाली, "माय फादर हॅव टेकन टॅबलेट. लिव तिकडं."

"हॅज, आजी," नात म्हणाली. "फादर हॅज."

"मला म्हाईत हाय. इंग्लिशमधी हॅज. पण वडलांना मी हॅवच लावणार."

नातीला हे पटलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. शाळेत जाणाऱ्या पोरांना बरोबर माहीत असतं की निकाल कुणाकडे मागायचा. "टीचर, हॅज ना?"

आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून चुकीचं शिकवलं. म्हटलं, "आजीचं बरोबर आहे."

नातीने कपाळाला आठ्या घातल्या. ताई मात्र माझ्याकडे बघून किंचित हसली असं मला वाटलं. वाटलं, आणि त्या एवढ्याशा हसण्यावर मी लगेच माझं ओझं उतरवून टाकायला निघाले. मनात म्हटलं, चला, झालं, तिने माफ केलं. चहा आला, मी घेतला. वडलांच्या पाया पडले, त्यांनी कोण आहे ते न विचारता डोक्यावर हात ठेवला. स्कूटरची किल्ली हातात घेऊन मी ओट्याखाली उतरले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुलगी होती, कामावरून. घरी काय चाललंय म्हणून विचारत असणार. तिने माझ्याकडे बघितलं नाही. वालाचा एक दाणा चिमटीत धरून, एकेक शब्द नीट ठेवत, एकही चूक न करता ती म्हणाली, "माय टीचर हॅज कम."

"करेक्ट, आजी," नात म्हणाली.